दातूकचा कौल

९ नोव्हेंबर

ही वही हजेरीची. खाणीचा टाइमकीपर दुपारी आला, कॉफी प्यायला आणि जाताना टेबलावर ठेवून गेला. म्हणाला, "तौके, कोरी आहे. शेंगदाणे बांधायला घ्या." तौके म्हणजे शेठ. पंचवीस खुर्च्या आणि दोन चुली असल्या की ह्या बेटावर माणसाला तौके म्हणतात.

कोऱ्या कागदात शेंगदाणे बांधणं माझ्या जिवावर येतं. मी लिहायला शिकलो तो सव्वीस वर्षांचा असताना, भट्टीच्या शेडमध्ये, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांवर. तेव्हा ठरवलं, वापरून बघू.

नाव : कोह थिआम सिन. बिल्ला नंबर : ४१७, पण तो बारा वर्षांपूर्वी परत केला. तास : सगळे. शेरा : आज नोटीस लागली.

खाण एकतीस डिसेंबरला बंद. ज्यांना ऑस्ट्रेलियाला जायचंय त्यांनी तीस जानेवारीच्या आत फॉर्म भरून द्यायचा. तिकीट सरकारचं, तिकडे काही महिने घरही सरकारचं. जे राहतील ते "आपापल्या जबाबदारीवर". युनियनच्या फूंगने ती नोटीस माझ्या दुकानात उभं राहून वाचून दाखवली, कारण त्याचा आवाज मोठा आणि माझं दुकान मोक्याचं. तीस वाट्या शेवया निवून गेल्या.

"आपापल्या जबाबदारीवर म्हणजे काय रे?" कुणीतरी विचारलं.

"म्हणजे पोहता येतं का ते बघून ठेवा," पाक सुलोंग म्हणाला.

पाक सुलोंग खालच्या मलय वस्तीतला. आलेल्या बोटी धक्क्याला दोराने बांधतात, त्या नावेवर तीस वर्षं होता. आता सकाळ-दुपार माझ्याकडे बसतो. त्याचा कप वेगळा, खिळ्याला टांगलेला. आमच्या घरात डुक्कर शिजतं, म्हणून त्या कपाला आमच्या भांड्यांचा वारा लागू देत नाही.

मी स्वतंत्र धंदेवाला म्हणून मिरवतो. पण वीज खाणीची, पाण्याचा पंप खाणीचा, डॉक्टर खाणीचा. खाणीतून निघणारं खत घेऊन जायला बोट येते म्हणून तिच्यासोबत तांदूळ येतो. आणि माझ्या शेवया खाणारी तोंडं, तीही खाणीचीच.

बायकोला सांगितलं. चू म्हणाली, "कॉफीचं गाळणं फाटलंय, नवीन आणायला हवं."

मी म्हटलं, "अगं, खाण बंद होतेय!"

"ऐकलं. गाळणं फाटलंय ते फाटलंयच."

२३ नोव्हेंबर

लाल खेकडे निघाले. दर वर्षी निघतात, जंगलातून समुद्राकडे, लाखोंनी. रस्ता असा लाल होतो की वाटावं डोंगराला घाम फुटलाय. ट्रकवाले दर वर्षी शिव्या घालत उतरायचे आणि दाताळ्याने वाट मोकळी करायचे. ह्या वर्षी ट्रक निम्म्याहून कमी. खेकड्यांना कळलंय की काय कोण जाणे, रस्त्याच्या मधोमध थांबून विश्रांती घेत होते.

फूंग म्हणतो, खाण आपणच विकत घेऊ. मजुरांनी, प्रत्येकाने आपला हिस्सा टाकून.

"काका, तुम्हीही एक हिस्सा घ्या."

"बाळा, मी शेवया विकतो."

"कुणाला विकता?"

पोरगा हुशार आहे. मी त्याला फुकट कॉफी दिली आणि विषय बदलला.

६ डिसेंबर

रविवार. स्यू हूनचा फोन. आमची लेक पर्थला औषधाच्या दुकानात आहे. म्हणाली, "बाबा, माझ्या रस्त्यावर एक गाळा रिकामा झालाय. आधी तिथे केस कापायचे. तुम्ही शेवया लावल्यात तर रांग लागेल."

"तिथे धूळ असते का?"

"कसली धूळ?"

"काही नाही."

"आई काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? मी जिथे, तिथे ती."

चू तेव्हा घरात नव्हती. उतारावरच्या कबरस्तानात गवत काढायला गेली होती. आमचा पहिला मुलगा तिथे आहे. अकरा दिवस जगला. आम्ही वर्षातून एकदा जातो, वसंतात, सगळे जातात तेव्हा. परत आली तेव्हा नखांत माती. मी विचारलं, आत्ताच काय काढलंस? म्हणाली, "गवत पंचांग बघून वाढत नाही."

३१ डिसेंबर

तीन वाजून दहा मिनिटांनी पट्टा थांबला.

डोंगरावरच्या भट्ट्यांपासून खाली धक्क्यापर्यंत जो पट्टा खत वाहतो, त्याच्याखाली मी एकोणीस वर्षं ग्रीसचा डबा घेऊन चाललो. हजारभर रोलर. प्रत्येकाचा आवाज वेगळा. कुठला आजारी पडणार ते मला आदल्या दिवशी कळायचं. गोरा फोरमन म्हणायचा, ह्या माणसाचे कान कापून कंपनीने तिजोरीत ठेवावेत. त्याच कानांनी मी गिऱ्हाइकाच्या चपलांवरून ओळखतो, उधारीवाला आला की रोखीवाला.

आज पट्टा थांबला आणि दुकानात सगळे एकदम जोरजोरात बोलत असल्यासारखे झाले. इतकी वर्षं आम्ही पट्ट्यावरून ओरडत बोलत होतो. कुणाला आपला आवाज खाली आणायचं सुचेना. मग एकेक जण ओशाळून गप्प झाला.

आणि मला समुद्र ऐकू आला. दुकानातून. पहिल्यांदा.

२ जानेवारी

खाणीची धूळ पडायची थांबली. सकाळी टेबलं पुसायला फडकं घेतलं, फडकं पांढरंच राहिलं. तरी चारही कोपरे पुसले. चू हसली.

छपरं धुवून निघताहेत. शेजारच्याचं छप्पर हिरवं आहे हे मला माहीत नव्हतं.

११ जानेवारी

दुपारी खुर्चीत डुलकी लागली. स्वप्न पडलं ते लिहून ठेवतो, नाहीतर विरून जाईल.

माझ्या टेबलाशी दातूक येऊन बसला. खाणीच्या जुन्या रस्त्यावर, झाडाच्या बुंध्याशी त्याची लाल घुमटी आहे. ह्या मातीचा राखणदार. मलय म्हातारा आहे तो, पण पूजा आम्ही चिनी करतो. पांढरी टोपी, हातात काठी. पाक सुलोंगच्या कपातून कॉफी पीत होता. पीत होता, पण कॉफी कमी होत नव्हती. मग त्याने मूठ उघडली. मुठीत धूळ. त्याने हळूच फुंकर मारली आणि पट्टा उलटा चालू लागला. बोटीतलं खत पट्ट्यावर, पट्ट्यावरून डोंगरावर. खणलेल्या रानात दगडांचे सुळके उभे आहेत ना, म्हाताऱ्याच्या तोंडातल्या उरल्यासुरल्या दातांसारखे, त्यांच्यामध्ये माती भरत गेली. मऊ, दुधाळ. तिच्यातून झाडं वर आली, झाडांवर पक्षी परत येऊन बसले. मी डबा घेऊन पट्ट्याखालून धावतोय आणि एकही रोलर कुरकुरत नाही. एवढा सुखाचा आवाज मी कधी ऐकला नाही, आणि आवाज तर काहीच नव्हता.

जाताना दातूक म्हणाला, "साखर जास्त झाली."

पाक सुलोंगला सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या कपातून प्यायला? मग धुतलास का?"

"स्वप्नात होता रे."

"तरी धू. आमचा म्हातारा तुम्ही चिन्यांनी पळवलात, देवळात बसवलात, विड्या ओढायला लावल्यात. आता माझा कपही देतोयस त्याला."

"त्याला विचारावं म्हणतो. जाऊ की राहू."

"तुझी बायको काय म्हणते?"

"तिला काय, मी ठरवीन ते."

पाक सुलोंगने माझ्याकडे बघितलं आणि कप खिळ्याला अडकवला.

१६ जानेवारी

बोट तीन दिवस समोर उभी आहे, पण समुद्र उसळलाय, माल उतरवता येत नाही. पावपीठ संपलं. बाकी ठीक. दुकानात तेलाचे अकरा डबे, तांदूळ पुरेसा, कॉफी भरपूर. फॉर्म भरून तयार आहे, फक्त सही राहिलीय. दोनशेवर लोकांनी दिले म्हणतात. न्हावी चालला. शिंपी चालला. डॉक्टर तर कधीच गेला.

चूला सांगितलं, परवा दातूककडे कौल लावायला जातो. त्या दिवशी तोंडाला डुक्कर लागता कामा नये. मलय देव आहे, शिवाशिव चालत नाही. लहान पोरालाही ठाऊक असतं. तसंही दोन वर्षं डॉक्टरने माझी चरबी बंदच केलीय.

"बरं," ती म्हणाली. "सकाळी साध्या शेवया करून देते. कांद्याच्या."

१८ जानेवारी

सकाळी ओट्यावर बसलो होतो. आतून कढईचा आवाज आला. तेलाचा आवाज पातळ असतो, चरचर. आजचा जरा जाड होता, कुणी दबक्या आवाजात समजूत घालावी तसा. कढई ओली असेल.

शेवया मात्र काय झाल्या होत्या! कांदा असा तळला होता की जुने दिवस आठवले, बॅरॅकमधले. दोन वाट्या खाल्ल्या. चूला म्हटलं, आज काय केलंस? ती म्हणाली, "धीर धरला." समोर उभी राहून मी संपवेपर्यंत बघत होती. एरवी ती बसून स्वतःचं खाते.

पांढरा सदरा घातला. विड्याची पानं, तंबाखू, दोन केळी, काळी कॉफी, आणि ह्या वेळी साखर कमी. घुमटीपाशी कुणी नव्हतं. उदबत्ती लावली. कौलाच्या दोन लाकडी चंद्रकोरी हातात घेतल्या. एक उताणी पडली, एक पालथी, तर होय. दोन्ही पालथ्या, तर नाही. दोन्ही उताण्या, तर देव हसतोय. तुझा प्रश्नच खुळा आहे, असं म्हणतोय. तीनदा तेच यावं लागतं.

मोठ्याने विचारलं, "दातूक, जाऊ का?"

होय.

पुन्हा. होय.

पुन्हा. होय. जरा घाईनेच, असं वाटलं. तिसऱ्या वेळी तर कोर माझ्या हातातून सुटायच्या आधीच पडली.

आनंद व्हायला हवा होता. घरी येऊन चूला सांगितलं. ती कांदा चिरत होती. "बरं," म्हणाली. सुरी थांबली नाही. कांदा संपला तरी काही वेळ सुरी पाटावर चालतच होती.

२१ जानेवारी

बांधाबांध. बेटावर सगळेच विकायला निघालेत, घेणारं कुणी नाही. टेबलं पाच वर्षांपूर्वी भांडून भांडून घेतली होती, आज फुकट देतो म्हटलं तर लोक म्हणतात, ठेवू कुठे?

पाक सुलोंग बसून बघत होता. तो जाणार नाही. म्हणतो, "मला तिकडे समुद्र ओळखत नाही."

मी फळीवरचे डबे काढत होतो.

"तौके, माझा कप कुणाला देणार?"

"घेऊन जा की घरी."

"घरी कप आहेत. हा इथला."

मी तो खिळ्यालाच ठेवला. खिळा काही नेता येत नाही.

२४ जानेवारी

रविवार. स्यू हूनला सांगितलं, देवाने होय म्हटलं. पोरगी फोनवर रडली, मग गाळ्याच्या नळाबद्दल बोलली. चू फोनवर आली. "हो. हो. जेवतेस ना?" एवढंच.

नंतर गवत काढायला गेली. मी म्हटलं, आठ दिवसांत किती वाढणार? ती गेली होती तोवर.

डुलकी लागली. दातूक नाही आला. नुसता समुद्र आला, दुकानात शिरला, खुर्च्या हलक्या हाताने उचलून बाहेर घेऊन गेला. एक मात्र सोडली.

२७ जानेवारी

आज जे कळलं ते लिहून ठेवतो.

तांदळाचा पिंप सरकवला. त्याच्यामागे मातीचं लहान भांडं. झाकण काढलं तर डुकराची चरबी. पांढरी, गोठलेली, आणि मधोमध चमच्याने खोल उकरलेली.

"हे कधी वापरलंस?"

चू भांडी कागदात गुंडाळत होती. मान वर केली नाही. "त्या दिवशी. तेल संपलं होतं."

"कुठल्या दिवशी?"

"तुम्ही दातूककडे गेलात त्या."

"आणि मला बोलली नाहीस!"

"विसरले. बोट उतरली नव्हती, तेल नव्हतं, घाईत काय हाताला लागलं ते घातलं. म्हातारी झाले आता."

तेलाचे अकरा डबे होते. पण फळीच्या मागच्या बाजूला होते, बाईमाणसाला घाईत दिसले नसतील. मी पोत्यावर बसलो. डुक्कर खाऊन देवासमोर उभा राहिलो! तीस वर्षांत अशी चूक झाली नव्हती.

पाक सुलोंगला सांगितलं, तेव्हा त्याने आधी कप खाली ठेवला. मग त्याचे खांदे हलायला लागले. मग असा हसला की खोकला लागला, पाणी द्यावं लागलं.

"अरे तौके, डुकराच्या तोंडाने त्याच्या दारात गेलास आणि विचारलंस, जाऊ का? तो म्हणाला, जा बाबा, जा! लवकर जा! त्यात ऑस्ट्रेलिया कुठून आली?"

"तीनदा म्हणाला."

"म्हणेलच! नाकाला रुमाल धरून म्हणाला असेल!"

मला हसू येत नव्हतं. आत चूच्या हातातला कागद कुरकुरायचा थांबला होता.

फॉर्म तीन दिवसांत द्यायचा. कौल बाद झाला. पुन्हा लावायला हवा.

२८ जानेवारी

कालपासून नुसता भात आणि मीठ. सकाळी पपनसाच्या पानांच्या पाण्याने आंघोळ. नवा सदरा. पाक सुलोंग वाटेपर्यंत सोबत आला. "मी बाहेर उभा राहतो. मला तुमच्या पूजेत ओढू नकोस, इमाम रागावेल." पण स्वतःच्या डबीतली तंबाखू काढून माझ्या हातावर ठेवली. "ही दे. तुझी स्वस्तातली असते."

आधी माफी मागितली. सगळं सांगितलं. तेलाचंही. मग विचारलं, "दातूक, जाऊ का?"

दोन्ही उताण्या. हसला.

पुन्हा. हसला.

पुन्हा. हसला.

मी प्रश्न फिरवला, "राहू का?" हसला. पाचव्यांदाही हसला. पाच वेळा लागोपाठ दोन्ही कोरी उताण्या मी आयुष्यात पाहिल्या नव्हत्या.

"काय म्हणतो?" बाहेरून पाक सुलोंग.

"हसतोय."

"मग तूही हस. आणखी काय करणार?"

तो निघाला. मी बसून राहिलो. ट्रक नाहीत, भट्टी नाही, पट्टा नाही. दोन्ही बाजूंचा समुद्र एकाच वेळी ऐकू येत होता, एक डाव्या कानात, एक उजव्या. केवढंसं हे बेट. पन्नास वर्षांहून जास्त आम्ही ते खरवडून बोटीत भरलं, दुसऱ्यांच्या शेतात पसरलं, आणि त्यावर जेवलो. तिकडे कुठे कुठे गहू उभा राहिला असेल. त्या गव्हाला आपलं गाव कुठलं ते ठाऊक नसेल.

तेव्हा तो आवाज आला. खालच्या उतारावरून, कबरस्तानातून. बारीक. मुळं तुटतात तो आवाज. गवत उपटताना पाती ओरडत नाहीत, मुळं ओरडतात. आणि मग बोलणं. मला वाटलं दोघी आहेत. एकच होती.

"घाबरू नको," चू म्हणत होती. "अजून काही ठरलं नाही. बाबा विचारून येताहेत. तू झोप."

आवाज जाड होता. दबका. कुणाची समजूत घालावी तसा.

मी उदबत्ती जळेपर्यंत थांबलो. मग पाय न वाजवता वरच्या वाटेने घरी आलो.

ती माझ्यानंतर अर्ध्या तासाने आली. हात धुतले. कांदा घेतला, पाट घेतला. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "काय म्हणाला?"

मी म्हटलं, "राहा म्हणाला."

"कितीदा?"

"तीनदा. लागोपाठ."

"पोट स्वच्छ होतं ना?"

"भात आणि मीठ."

"बरं," ती म्हणाली. सुरी थांबली. कांदा अजून अर्धा होता.

३० जानेवारी

आज शेवटचा दिवस होता. फॉर्मचा कागद पातळ, लांबट, दुमडला की छान सुरळी होते. चौघांना त्यात शेंगदाणे दिले. फूंगला पाचवी पुडी दिली, माझ्या सहीच्या जागेची.

"काका, हे काय?"

"हिस्सा टाकतो. एक. आणि शेंगदाण्यांचे पैसे वेगळे."

स्यू हूनला रविवारी सांगावं लागेल. पोरीला काय सांगू? देव हसला म्हणून?

१४ फेब्रुवारी

बोट गेली. न्हावी, शिंपी, वरच्या चाळीतले सगळे. लोकांनी कागदाच्या पट्ट्या धरल्या होत्या, एक टोक बोटीवर, एक धक्क्यावर. बोट हलली तशा एकेक तुटल्या. तुटताना इतका लहान आवाज होतो की तो फक्त मला ऐकू आला असेल. न्हाव्याची बायको चूला ओरडून काहीतरी सांगत होती. चू हात हलवत होती. नंतर म्हणाली, "काय बोलत होती?"

"तुझं गाळणं तिच्याकडे राहिलं."

"असू दे. फाटकंच होतं."

दुपारी पाच वाट्या शेवया गेल्या. पाचवी मी खाल्ली.

३ मार्च

आठवड्यात तीन दिवस वीज. मेणबत्त्या संपल्या. पाक सुलोंग मासे आणतो, मी कॉफी देतो, कोण गिऱ्हाईक नि कोण शेठ ते आम्हाला आता कळत नाही. भीती वाटते. रोज वाटते. चू गुणगुणत असते. लग्नानंतर पहिल्यांदा ऐकतोय. कदाचित आधीही गुणगुणत असेल, पट्ट्यामुळे ऐकू येत नसेल.

(पुढची पानं कोरी. वही पिंपामागे पडली होती, आज सापडली. मध्ये वर्षं गेली. त्यांचं काय लिहू? तास : सगळे. शेरा : जगलो.)

१७ सप्टेंबर

आज पट्टा चालू केला. आपला पट्टा. मजुरांनी मिळून खाण घेतली, त्यात एका शेवयावाल्याचा एक हिस्सा. जंगल तोडायला परवानगी नाही, जुन्या ढिगांतलंच उरलंसुरलं खत पाठवायचं. फूंग म्हणतो, दहा वर्षं पुरेल. पुढे?

"पुढचं पुढे, काका. आज तुमचे कान हवेत."

केस पांढरे झाले तरी ग्रीसचा डबा हातात घेतला की हात तरुण होतो. पट्ट्याखालून चालत गेलो, वरून खाली, अख्खा डोंगर. मागे पोरं, त्यांच्या मागे पाक सुलोंग काठी टेकत, "बहिरा झालाय तो, उगाच मिरवतोय," असं सगळ्यांना सांगत. दोनशे बाराव्या रोलरपाशी थांबलो. म्हटलं, हा उद्या जाईल. उघडून बघितला. गोळ्या झिजलेल्या. पोरं अशी बघायला लागली, जणू मी पाण्यावर चाललो.

घरी आलो तर दोरीवरच्या चादरींवर धूळ. चू शिव्या घालत होती. फूंगला, खाणीला, वाऱ्याला, मला. घालता घालता तिने बोट चादरीवरून फिरवलं, त्यावरची धूळ बघितली आणि कपड्याला न पुसता तशीच आत गेली.

मी ओट्यावर बसलो. पट्टा चालू होता, तरी आतून कढई ऐकू आली. जाड आवाज. दबका. चरबी कढईत पडली की ती बोलते, तेलासारखी चरचरत नाही. हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. तेव्हाही नव्हती.

"अहो, जेवायला या," चूने हाक मारली. "डॉक्टर काय म्हणतो ते आज राहू दे."

दोन वाट्या खाल्ल्या. ती समोर बसून स्वतःचं खात होती. मी म्हटलं, कांदा छान तळलास.

"धीर धरला," ती म्हणाली.

तिसरी वाटी मागितली. आज दातूककडे जायचं नव्हतं.